उलटी, जुलाब आणि हातातले तास : कुत्र्या-मांजरांच्या पोटाच्या विकारांची ओळख

पेडणे तालुक्यातील पार्से आणि आसपासच्या तुये, आगरवाडा, चोपडे या गावांत कुत्री-मांजरे बहुधा अंगणात, पडवीत आणि परसात वाढतात. मासळी साफ करताना टाकलेली डोकी-आतडी, दुपारचा उरलेला भात, लग्नकार्यानंतरचे उष्टे आणि मे महिन्यात झाडाखाली पडलेले आंबे असे जे मिळेल ते त्यांच्या पोटात जाते. अशा जनावराने एक-दोनदा उलटी केली किंवा पातळ शौच केले तर कोणी फारसे मनावर घेत नाही, आणि पुष्कळदा त्याची गरजही नसते. निरोगी, प्रौढ कुत्र्याचे साधे जुलाब काही दिवसांत आपोआप थांबतात. मात्र त्याच अंगणातले दोन महिन्यांचे पिल्लू तीच लक्षणे घेऊन संध्याकाळी एका कोपऱ्यात पडून राहिले, तर सकाळपर्यंत वाट पाहणे त्याच्या जिवावर बेतू शकते.

पोटाच्या विकारांत पाळीव जनावराचा जीव वाचणे हे पुष्कळदा हा फरक वेळेवर ओळखण्यावर अवलंबून असते. पार्सेहून म्हापशाला जायचे तर चोपडे-शिवोली पूल किंवा कोलवाळचा पूल ओलांडून शापोरा नदीच्या पलीकडे जावे लागते. पावसाळी रात्री आजारी जनावर घेऊन हा प्रवास करायचा की सकाळची वाट पाहायची, हा निर्णय घरच्या माणसालाच घ्यावा लागतो. त्यासाठी आवश्यक ती माहिती पुढे दिली आहे. ती पशुवैद्यकाच्या तपासणीला पर्याय नाही. तपासणीपर्यंत जनावर सुखरूप पोहोचावे एवढाच तिचा हेतू आहे.

आजार एक नव्हे, अनेक

उलटी आणि जुलाब ही लक्षणे आहेत. त्यांच्यामागे शिळे अन्न, जंत, विषाणू, अडकलेले हाड, विषबाधा, स्वादुपिंडाचा दाह, मूत्रपिंडाचा विकार असे काहीही असू शकते. म्हणून पशुवैद्यक आधी प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नांची उत्तरे मालकालाच ठाऊक असतात.

पहिला प्रश्न उलटीविषयीचा. पोट आत ओढून, कळा देऊन बाहेर येते ती खरी उलटी. खाल्लेले अन्न कोणत्याही प्रयासाविना, न पचता, नळीच्या आकारात तोंडातून पडले तर दोष बहुधा अन्ननलिकेत असतो. दोन्हींची कारणे आणि उपचार निराळे आहेत. शब्दांत सांगणे अवघड जात असेल तर मोबाईलवर चित्रफीत घेऊन ती दाखवावी.

दुसरा प्रश्न शौचाविषयीचा. मोठ्या प्रमाणात, पाण्यासारखे शौच दिवसातून तीन-चारदा होत असेल आणि वजन घटत असेल तर विकार लहान आतड्याचा असण्याची शक्यता अधिक. थोडे थोडे, वारंवार, कुंथून होणारे, शेंबडासारखा चिकट पदार्थ किंवा ताजे लाल रक्त असलेले शौच मोठ्या आतड्याकडे बोट दाखवते. डांबरासारखे काळे, चिकट शौच म्हणजे जठरात किंवा लहान आतड्यात रक्तस्राव होत असल्याची खूण. रक्ताचा एखादा थेंब दिसल्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, पण काळ्या शौचाकडे दुर्लक्ष करू नये.

पाणी किती गेले, हे कसे ओळखावे

पोटाच्या विकारात जनावर दगावते ते बहुतेक वेळा शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. शरीराच्या वजनाच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी गेले असेल तर बाहेरून काहीच कळत नाही. ५ ते ८ टक्के गेले की हिरड्या चिकट लागतात आणि मानेच्या मागची कातडी चिमटीत उचलून सोडली असता सावकाश खाली बसते. १० टक्क्यांच्या आसपास डोळे खोल जातात, कातडी उचललेलीच राहते, पंजे गार पडू लागतात. १२ टक्क्यांपुढे रक्ताभिसरण कोसळते.

या टक्केवारीचा अर्थ आकड्यांत पाहिला की पिल्लांची घाई का करायची ते समजते. वीस किलोच्या कुत्र्याच्या बाबतीत १० टक्के म्हणजे दोन लिटर पाणी. दोन किलोच्या पिल्लाच्या बाबतीत तेच प्रमाण २०० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर पाणी. चार-पाच उलट्या आणि तेवढेच जुलाब यांत ते एका रात्रीत निघून जाते. पशुवैद्यकही हेच गणित मांडतो : वजनाचे किलो गुणिले पाणी घटल्याची टक्केवारी गुणिले दहा, इतके मिलिलिटर द्रव भरून काढायचे. त्याशिवाय रोजची गरज आणि चालू उलट्या-जुलाबांतून जाणारे पाणी वेगळे मोजायचे.

घरी करता येण्याजोगी आणखी एक तपासणी आहे. हिरडीवर बोट दाबून सोडावे. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला तर रक्ताभिसरण ठीक आहे. हिरड्या पांढऱ्या, पिवळ्या किंवा निळसर दिसत असतील तर वेळ दवडू नये. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्याच असतात. अशा वेळी खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा. कातडीची चाचणी रोडावलेल्या आणि म्हाताऱ्या जनावरांत फसवी ठरते, लठ्ठ जनावरांत तर पाणी घटलेले असूनही ती ठीक भासते. म्हणून सगळ्या खुणा एकत्र पाहाव्यात.

केव्हा थांबू नये

पुढीलपैकी एकही गोष्ट असेल तर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला दवाखाना गाठावा :

– सहा महिन्यांखालील, विशेषतः लस पूर्ण न झालेले पिल्लू उलट्या-जुलाब करीत असेल आणि मलूल झाले असेल.
– प्यायलेले पाणीही पोटात ठरत नसेल.
– शौचात भरपूर रक्त असेल, किंवा शौच काळे असेल.
– जनावर ओकारीसाठी वारंवार धडपडते पण काहीच बाहेर पडत नाही, आणि पोट फुगत चालले आहे.
– विष, औषध, हाड, गळ, दोरा पोटात गेल्याचा संशय असेल.
– हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या असतील, किंवा अंग गार पडले असेल.
– जनावर गाभण, दूध पाजणारे, फार म्हातारे किंवा आधीच आजारी असेल.
– नर मांजर शौचाच्या जागी वारंवार बसून कुंथत असेल.

यांपैकी चौथी खूण मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत दिसते. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, डॉबरमन यांच्यात जठर वायूने फुगून स्वतःभोवती पीळ घेते. त्यावर शस्त्रक्रियेवाचून उपाय नाही आणि हातात मोजकेच तास असतात.

घरी काय करावे

वरीलपैकी काहीही नसेल, जनावर प्रौढ असेल, हिंडत-फिरत असेल, तर एक-दोन दिवस घरी सांभाळता येते. पाण्याचे भांडे एकदम भरून ठेवू नये. तहानेने घटाघट पाणी पिऊन ते पुन्हा ओकते. दर अर्ध्या-पाऊण तासाने थोडे थोडे पाणी द्यावे. ओआरएसचे पाणी चालते, पण जबरदस्तीने तोंडात ओतू नये. ते श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसदाह होतो.

जुलाब लागले की जनावराला दिवसभर उपाशी ठेवण्याची पद्धत अजूनही सर्वत्र आढळते. आता पशुवैद्यक तसा सल्ला सहसा देत नाहीत. आतड्याच्या अस्तरातील पेशींचे पोषण बऱ्याच अंशी आतड्यातून जाणाऱ्या अन्नावर होते. अन्न बंद केले की अस्तर लवकर भरून येत नाही. दक्षिण आफ्रिकेत पार्व्हो झालेल्या पिल्लांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या दिवसापासून नळीवाटे अन्न दिलेली पिल्ले उपाशी ठेवलेल्यांपेक्षा लवकर सुधारल्याचे दिसले. उलट्या थांबल्या की काही तासांतच हलके अन्न सुरू करावे.

हलके अन्न म्हणजे कातडी आणि हाडे काढून नुसत्या पाण्यात उकडलेली कोंबडी आणि मऊ शिजवलेला भात. कोंबडीचा एक भाग, भाताचे दोन. मीठ, मसाला, कांदा, लसूण, खोबरे, तेल काहीही नको. आपल्याकडची उकड्या तांदळाची पेज, मीठ न घालता, पाण्याची गरज भागवायला चांगली. मात्र एकट्या पेजेवर जनावराला दिवसचे दिवस ठेवू नये, कारण तिच्यात प्रथिने नाममात्र असतात. दिवसातून चार-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. शौच घट्ट झाल्यावर तीन-चार दिवसांत नेहमीचे अन्न थोडे थोडे मिसळत पूर्ववत करावे. दोन दिवसांत फरक पडला नाही तर दवाखाना.

काय करू नये

जुलाब म्हटले की औषधाच्या दुकानातून मेट्रोनिडाझोल किंवा तत्सम प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून देण्याचा प्रघात आहे. दोन दिवसांत जुलाब थांबतात आणि श्रेय गोळीला मिळते. वास्तविक ते गोळीशिवायही थांबले असते. प्रतिजैविकांच्या योग्य वापरासाठी काम करणाऱ्या एनोव्हॅट या युरोपीय तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये कुत्र्यांच्या तीव्र जुलाबांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. सौम्य आणि मध्यम आजारात, शौचात रक्त असले तरीसुद्धा, प्रतिजैविक देऊ नये, असे त्या सांगतात. जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याची लक्षणे दिसणारे, गंभीर आजारी जनावर याला अपवाद. अनावश्यक प्रतिजैविकाने आतड्यातील उपकारक जिवाणूंचा समतोल बिघडतो आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू तयार होतात. तेच जिवाणू घरातल्या माणसांनाही बाधू शकतात.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांचा धोका याहून मोठा. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होतात. विषबाधेच्या संशयाने मिठाचे पाणी पाजून उलटी करवणेही टाळावे. त्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढते.

पार्व्हो : पिल्लांचा सर्वांत मोठा शत्रू

कुत्र्यांमधील पार्व्हो विषाणू १९७८ मध्ये प्रथम ओळखला गेला आणि दोन-तीन वर्षांत जगभर पसरला. मांजरांमध्ये पूर्वापार असलेल्या पॅनल्युकोपेनियाच्या विषाणूशी त्याचे जवळचे नाते आहे. सहा आठवडे ते सहा महिने वयाची पिल्ले त्याला सर्वाधिक बळी पडतात. विषाणू पोटात गेल्यापासून साधारण तीन ते सात दिवसांत पिल्लू मलूल होते, खाणे सोडते, उलट्या करू लागते आणि पाठोपाठ दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित जुलाब सुरू होतात. विषाणू आतड्याचे अस्तर नष्ट करतो, त्याच वेळी अस्थिमज्जेवर घाला घालून पांढऱ्या पेशी घटवतो. आतड्यातील जिवाणूंना रक्तात शिरायला वाट मोकळी होते आणि त्यांना अडवणारे सैन्य नसते. म्हणून या आजारात मात्र प्रतिजैविके द्यावीच लागतात.

विषाणूला मारणारे सहज उपलब्ध असे औषध नाही. पिल्लाचे शरीर स्वतः विषाणूवर मात करीपर्यंत त्याला तगवून धरणे हाच उपचार : शिरेतून रिंगर लॅक्टेटसारखे सलाईन, मॅरोपिटंट किंवा ऑन्डान्सेट्रॉनसारखे उलटीरोधक, रक्तातील साखर आणि पोटॅशियम यांवर लक्ष, प्रतिजैविक, ऊब आणि लवकर अन्न. उपचाराविना बहुतेक पिल्ले दगावतात. दवाखान्यात ठेवून नीट उपचार केल्यास दहापैकी आठ-नऊ वाचतात.

पिल्लाला चार-पाच दिवस दवाखान्यात ठेवणे प्रत्येकाला जमत नाही. अशांसाठी अमेरिकेतील कोलोराडो राज्य विद्यापीठाने बाह्यरुग्ण पद्धत आखली. पहिल्या दिवशी दवाखान्यात शिरेतून सलाईन देऊन पिल्लाला सावरायचे. पुढे दिवसातून अनेकदा कातडीखाली सलाईन, रोज उलटीरोधक, दीर्घकाळ टिकणारे प्रतिजैविक आणि भरवणे, हे सारे काटेकोर देखरेखीखाली करायचे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दाखल केलेल्या पिल्लांपैकी ९० टक्के वाचली, तर बाह्यरुग्ण पद्धतीने ८० टक्के. खर्च परवडत नाही म्हणून पिल्लाला नशिबावर सोडण्याआधी पशुवैद्यकाशी या पर्यायाविषयी बोलावे.

अंगावरचा रंग आणि अपुरी लस

गोव्यात याबाबत एक गैरसमज होण्याची शक्यता आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘मिशन रेबीज’ या मोहिमेने राज्य सरकारच्या सहकार्याने गोव्यातील कुत्र्यांचे मोठ्या प्रमाणावर लसीकरण केले आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाला. वाड्यावाड्यांवर येणारी पथके लस दिलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण करतात. ती खूण पाहून ‘आपल्या कुत्र्याला लस झाली’ असे समाधान वाटणे स्वाभाविक आहे. पण ती लस केवळ रेबीजची असते. पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टोस्पायरोसिस यांपासून ती संरक्षण देत नाही. त्यांची लस दवाखान्यात नेऊन स्वतंत्रपणे द्यावी लागते.

सहाव्या आठवड्यात एक टोचणी झाली की काम झाले, हा दुसरा गैरसमज. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिद्रव्ये लसीला निष्प्रभ करतात आणि ती केव्हा ओसरतील हे पिल्लागणिक बदलते. म्हणून जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या सूचनांनुसार सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी, वयाचे सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत किंवा त्यापुढेही, लस द्यायची असते. त्यानंतर सहा महिन्यांच्या वयाला आणखी एक मात्रा. ही मालिका पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बाजारात किंवा अनोळखी कुत्र्यांत सोडू नये.

घरात पार्व्होचा रुग्ण झाला असेल तर फिनेलवर विसंबू नये. या विषाणूवर फिनेलचा भरवशाचा परिणाम होत नाही, आणि फिनेल मांजरांना विषारी असते. आधी घाण पूर्ण धुऊन काढावी, मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असे मिश्रण करून फरशी किमान दहा मिनिटे ओली ठेवावी. अंगणातली माती अशी शुद्ध करता येत नाही. सावलीच्या, ओलसर जागी विषाणू अनेक महिने तग धरतो. त्या अंगणात पुढचे वर्षभर लस पूर्ण न झालेले पिल्लू आणू नये.

जंत

आपल्या उष्ण, दमट हवेत आणि ओल्या मातीत जंतांची अंडी व अळ्या चांगल्या वाढतात. पिल्लाला गोलकृमी आईच्या पोटातच मिळू शकतात आणि अंकुशकृमी दुधातून. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात. काळसर शौच, पांढऱ्या हिरड्या आणि न वाढणारे पिल्लू ही त्यांची खूण. जोराचा प्रादुर्भाव झाल्यास पिल्लू केवळ रक्तक्षयाने मरते. शौचाजागी तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले तर ते फीतकृमी. ते बहुधा पिसवांतून येतात, म्हणून पिसवांचा बंदोबस्त केल्याखेरीज जात नाहीत.

पिल्लाला वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि नंतर दर तीन महिन्यांनी जंतनाशक द्यावे. मात्रा वजनावर ठरते. अंदाजाने देऊ नये. हे काम माणसांसाठीही महत्त्वाचे आहे. अंकुशकृमींच्या अळ्या अनवाणी पायांच्या कातडीत शिरून नागमोडी, खाजणारे चट्टे उठवतात, आणि गोलकृमींची अंडी मातीतून मुलांच्या पोटात गेली तर अळ्या यकृतापासून डोळ्यापर्यंत कोठेही पोहोचू शकतात. अंगणातील विष्ठा रोज उचलून पुरणे हा साधा उपाय परिणामकारक आहे.

ऋतूंप्रमाणे येणारे धोके

मे महिन्यात कुत्रे आंब्याची बाठ गिळतात. ती जठरातून पुढे सरकून आतड्यात अडकली की उलट्या थांबत नाहीत आणि शस्त्रक्रिया करावी लागते. काजूच्या हंगामात भट्टीजवळ पडलेला आंबलेल्या बोंडूंचा रस किंवा चोथा पोटात गेल्यास मद्यार्काची बाधा होऊन कुत्रा झोकांड्या खातो, ओकतो, गार पडतो. पावसाळ्यात अंगणात येणारे भेक तोंडात धरल्याने लाळेचा फेस येतो. ओल्या फडक्याने हिरड्या पुसून काढाव्यात आणि झटके येऊ लागल्यास लगेच निघावे.

चवथीच्या दिवसांत नेवऱ्यांमधल्या आणि नाताळात केकमधल्या मनुका कुत्र्याला प्रेमाने भरवल्या जातात. द्राक्षे आणि मनुका काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी करतात, आणि किती खाल्ल्याने हे होईल याचा भरवसा देता येत नाही. चॉकलेट, कांदा-लसूण आणि साखरविरहित च्युईंगममधले झायलिटॉल हेही वर्ज्य. तेलकट, चरबीयुक्त मांसाच्या मेजवानीनंतर स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो. कुत्रा पुढचे पाय पसरून, मागचा भाग उंच ठेवून अवघडल्यासारखा उभा राहिला तर ती पोटदुखीची खूण समजावी. शिजवलेली हाडे फुटून टोकदार होतात, ती कधीही घालू नयेत. खाडीकाठच्या गावांत मासळीसकट गळ गिळला जातो. तोंडाबाहेर लोंबणारी तंगूस ओढू नये.

शेतात आणि माडाच्या बागेत उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाईड पोटात गेले तर जठरातील आम्लाने त्यातून विषारी वायू सुटतो. अशा जनावराच्या उलटीचा वास माणसालाही घातक असतो. वाहनाच्या खिडक्या उघड्या ठेवून न्यावे आणि विषाचे वेष्टन सोबत घ्यावे.

मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे

कुत्रा दोन दिवस जेवला नाही तरी बहुधा निभावते. मांजराचे, विशेषतः लठ्ठ मांजराचे, तसे नाही. दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही तर शरीरातील चरबी यकृतात साठू लागते आणि त्यातून प्राणघातक यकृतविकार उद्भवतो. म्हणून मांजराला उपचार म्हणून उपाशी ठेवू नये.

शिवणाचा दोरा किंवा पतंगाचा मांजा मांजर सहज गिळते. त्याचे एक टोक जिभेखाली अडकते आणि दुसरे आतड्यात पुढे जाते. आतडे त्यावर चुणीसारखे गोळा होऊन फाटते. तोंडातून किंवा गुदद्वारातून दिसणारा दोरा ओढू नये, कापूही नये. प्रौढ मांजरांना दुधातील साखर पुष्कळदा पचत नाही. रोजच्या पातळ शौचाचे कारण कधी कधी सकाळची दुधाची वाटीच असते.

नर मांजर वारंवार कुंथत असेल तर बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजले जाते. पुष्कळदा शौच नव्हे, लघवी अडलेली असते. मूत्रमार्ग पूर्ण बंद झाला तर दोन-तीन दिवसांत मृत्यू ओढवतो. अशा मांजराचे पोट दाबून पाहू नये. थेट दवाखान्यात न्यावे.

पोटाचे वाटणारे, पण पोटाचे नसलेले

उलटी करणाऱ्या प्रत्येक जनावराचा दोष पोटातच असतो असे नाही. पावसाळ्यात उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. ताप, उलट्या, अंगदुखी, कावीळ आणि लघवी कमी होणे ही त्याची लक्षणे. तो माणसालाही होतो, म्हणून अशा कुत्र्याची लघवी साफ करताना हातमोजे घालावेत. गोचिडतापातही खाणे सुटते आणि उलट्या होतात. नसबंदी न केलेली मादी माजानंतर एक-दोन महिन्यांत खूप पाणी पिऊ लागली, ओकू लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. म्हाताऱ्या जनावराची उलटी मूत्रपिंडाच्या विकाराची पहिली खूण असू शकते.

सर्वांत सावध राहायचे ते घशात काहीतरी अडकल्यासारखे दिसणाऱ्या कुत्र्याबाबत. जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, गिळता येत नाही, आवाज बदलला आहे, असे असेल तर हाड अडकल्याच्या समजुतीने तोंडात हात घालू नये. ही रेबीजचीही लक्षणे आहेत. राज्यात रेबीज आटोक्यात असला तरी महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या पेडणे तालुक्यात ही सावधगिरी सोडण्याजोगी नाही. जनावराला वेगळे ठेवून पशुवैद्यकाला कळवावे. लाळेचा जखमेशी किंवा डोळ्या-तोंडाशी संपर्क आला असेल तर तो भाग साबणाने, डोळे व तोंड असल्यास भरपूर पाण्याने, पंधरा मिनिटे धुऊन तातडीने सरकारी रुग्णालयात जावे.

तीन आठवड्यांहून अधिक चालणारा विकार

उलट्या किंवा जुलाब तीन आठवड्यांपेक्षा जास्त चालले, थांबून थांबून पुन्हा होत राहिले, तर त्याला दीर्घकालीन विकार म्हणतात. येथे घाईपेक्षा चिकाटी लागते. आधी जंत, जिआर्डिया, यकृत, मूत्रपिंडे, स्वादुपिंड यांची तपासणी होते. काही आढळले नाही तर आहारचाचणी. जनावराने पूर्वी न खाल्लेले एकच प्रथिन आणि एकच धान्य किमान दोन आठवडे द्यायचे, त्याखेरीज एकही घास नाही. अशा कुत्र्यांपैकी निम्म्याहून अधिक केवळ आहार बदलल्याने सुधारतात. चाचणी फसते ती बहुधा घरातल्या कोणीतरी हळूच घातलेल्या बिस्किटामुळे किंवा शेजारच्या अंगणातल्या मासळीमुळे. म्हणून त्या काळात कुत्रा बांधून ठेवावा आणि शेजाऱ्यांनाही सांगून ठेवावे.

आहाराने भागले नाही तर पुढे औषधे, सोनोग्राफी आणि प्रसंगी आतड्याचा तुकडा काढून तपासणी. जर्मन शेफर्ड भरपूर खाऊनही रोडावत असेल आणि शौच फिकट, तेलकट, ढीगभर असेल तर स्वादुपिंडातील पाचकरसांची कमतरता शोधावी. ते रस अन्नातून आयुष्यभर द्यावे लागतात. उतारवयातील मांजरांत थायरॉईडचा अतिरेक आणि आतड्याचा कर्करोग यांचाही विचार होतो.

दवाखान्यात जाताना

निघण्यापूर्वी फोन करून पशुवैद्यक उपस्थित आहे का आणि सलाईनची सोय आहे का, हे विचारावे. सरकारी दवाखान्यांच्या वेळा आणि रात्री उपलब्ध असलेल्या खासगी पशुवैद्यकांचे क्रमांक जनावर निरोगी असतानाच लिहून ठेवावेत. सोबत लसीकरणाचे पुस्तक, ताज्या शौचाचा थोडा नमुना स्वच्छ डबीत, उलटी-शौचाची छायाचित्रे आणि दिलेल्या प्रत्येक औषधाचे वेष्टन असावे. घरगुती औषध दिले असेल तर तेही सांगावे. ओवा, हिंग किंवा जायफळ दिल्याचे लपवून तपासणीची दिशा चुकवू नये. पार्व्होचा संशय असलेले पिल्लू दवाखान्याच्या जमिनीवर सोडू नये. पशुवैद्यकाला आधी कल्पना देऊन ते कापडात गुंडाळून, इतर जनावरांपासून दूर ठेवावे.

जनावराला शेवटचे नीट खाताना, पाणी पिताना, लघवी आणि शौच करताना कधी पाहिले, या चार वेळा कागदावर लिहून न्याव्यात. पाणी किती गेले आणि हातात किती वेळ आहे, याचा पशुवैद्यकाचा हिशोब तेथूनच सुरू होतो.